भिंगरीची गाठ

रविवारी गिरणी बंद असायची, जेबेझ थर्लबीचं डोकं नाही. चॅपलमध्ये त्याने बाकाची जागाच अशी धरली होती की खिडकीतून शेतांपलीकडची आपली पवनचक्की दिसावी. विटांचा सहा मजली बुरूज, डांबराने काळा केलेला, वर पांढरा घुमट. आज्याने बांधलेला, वर निमुळता होत गेलेला, पण कुठे पोट सुटलेलं नाही. वारा बदलला की घुमटामागची छोटी भिंगरी फिरायची आणि अख्खा घुमट पात्यांसकट वाऱ्याकडे तोंड करायचा. माणसाने बोटही लावायला नको.

त्या दिवशी ईशान्येकडून ढग चढले. बाहेरची झाडं वाकली. गिरणी मात्र नैऋत्येलाच तोंड करून उभी.

जेबेझ खिडकीकडे झुकला. काल दात्यांच्या चाकांना चरबी लावताना त्याने भिंगरी बांधली होती. सोडायची राहिली. वारा पाठीमागून घुसला, तर घुमट पात्यांसकट खाली येणार.

तो उठला. बायकोने, हेस्टरने, कोट ओढला. "आशीर्वाद तरी होऊ दे."

"भिंगरी बांधलेली आहे."

ती त्याच्या आधी दाराबाहेर पडली.

गिरणीत तिसऱ्या शिडीवर त्याला धाप लागली. "चढ, म्हाताऱ्या," हेस्टर खालून म्हणाली, "आज्याला काय तोंड दाखवशील?"

वर घुमटाची कड वाऱ्याने उचलली जाऊन पुन्हा बसत होती. जेबेझ मागच्या झडपेतून बाहेर वाकला. हेस्टरने त्याचे पाय धरले. गाठ पावसाने फुगलेली. त्याने खिशातल्या चाकूने दोरी कापली.

भिंगरी भणाणून सुटली. घुमट कण्हला, मग इंचाइंचाने फिरू लागला. दोघं पिठाच्या धुळीत बसून राहिले. शेवटी पात्यांनी वारा छातीवर घेतला आणि कुरकुर थांबली. जेबेझने भिंतीला तळहात लावला. बुरूज हललासुद्धा नव्हता.

खाली फाटकापाशी प्रवचनकारासकट सगळी मंडळी भिजत उभी होती. "पुढल्या रविवारीही बांधून ठेव," लोहार म्हणाला. "प्रवचन लवकर आटपतं."

हेस्टर हसली नाही. तिने नवी दोरी आणली आणि नियम घातला: भिंगरी बांधली की दोरीच्या आतल्या टोकाला जेबेझची रविवारची हॅट अडकवायची. तापाने फणफणला तरी बोडक्या डोक्याने चॅपलला जाणारा तो नव्हता.

वर्षभरात ती काळी हॅट पिठाने पांढरी झाली. जेबेझने ती कधी झटकली नाही.