बाजेखालची शेगडी

सोनालीचं बाळंतपण मी जेऊरला, गावीच करणार होते. पण दवाखाना जवळ हवा असा जावईबापूंनी हट्ट धरला आणि मलाच जुळे सोलापूर भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर यावं लागलं. आले ती बाज आणि शेगडी घेऊनच. त्यांच्या त्या पेटीच्या पलंगाखाली शेगडी सरकणार कुठून? बाळंतिणीला शेक हवाच, आणि तोही दारं-खिडक्या लावून. गावाकडं आमच्या पत्र्याच्या घरात फटीफटीत चिंध्या कोंबल्या तरी वारं शिरायचंच. इथल्या सरकत्या काचा मात्र अशा गच्च बसत की मी खूश!

"मामी, खिडकी थोडी उघडी ठेवा की. कोळशाचा गॅस होतो," जावईबापू म्हणाले.

"धूर तरी हाय का बघा, युवराज! निखारा कसा लालभडक फुललाय," मी म्हटलं. बिचारे गुमान चिंचोळीला ड्युटीवर गेले.

पुढं सोनालीचं डोकं ठणकायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. एकदा म्हणाली, "आई, पायथ्याशी ती बाई कोण बसलीय?"

"बाळंतिणीला भास हुत्यात," मी दटावलं खरं, पण मनात म्हटलं, दृष्टच लागली असणार. मीठ-मोहऱ्या उतरून शेगडीत टाकल्या, दाराखालची फट लुगड्यानं बुजवली आणि आणखी कोळसे घातले. नातीचं अजून बारसंही व्हायचं होतं. तिच्यावर कुणाची नजर पडू देणार होते होय मी!

आज दुपारी ती बाई मलाही दिसली. पाठमोरी होती. उठली, खिडकीशी गेली आणि तिनं काच सरकवली. वारं थेट बाळाच्या तोंडावर! मेलीची हिंमत बघा! माझं डोकं गरगरत होतं, तरी भिंत धरत गेले आणि काच ओढून लावली.

"लेकराला वारं लागंल की!" मी ओरडले. ती वळली, माझ्याकडं बघून रडायला लागली. मग दिसेनाशी झाली.

आता सोनालीचं कण्हणं थांबलंय. नातही रडत नाही, आणि गाल तर कसे लालचुटूक झालेत तिचे! शेक अंगी लागला म्हणायचा. माझा जीव भांड्यात पडला.

बाहेर जावईबापू कधीचे दार बडवताहेत, हाका मारताहेत. कडी आतून आहे, पण मला उठवत नाही. एवढी कसली घाई? आत्ताच तर डोळा लागलाय दोघींचा.