खालून आलेलं उत्तर

तर खारू डिकीत बसलेली. अख्खी. लहानपणी ती तिथं खारीसारखी शिरून मांडी घालून बसायची म्हणूनच बाबांनी तिचं नाव खारू पाडलेलं. आता गुडघे हनुवटीला टेकत होते, पण मावली. बाबांची जुनी गोल पाठीची गाडी, आणि डिकीचा तळ गंजानं असा खाल्लेला की स्टेपनी उचलली तर खाली गॅरेजची फरशी दिसायची. बाबा गेले तेव्हा हे काम अर्ध्यावर होतं. "जरा पडतो, उरलेलं उठल्यावर करू," म्हणून आत गेले ते उठलेच नाहीत. त्यांची चाकांची फळी, जिच्यावर उताणं झोपून ते गाडीखाली सरकायचे, ती अजून तिथंच होती. उशाच्या फडक्यासकट.

आता या बापलेकीची एक पद्धत होती बरं का. गंज रंगाखाली लपून बसतो, वरून काही कळत नाही. म्हणून खारूनं आतून हातोडीनं हळूहळू ठोकत जायचं, आणि बाबांनी खालून पत्र्याला बोटं लावून ठेवायची. पत्रा पोकळ लागला की ते खालून एकदा ठोकायचे. टक्. तिथं खडूची फुली. काम संपलं की खारूनं तीनदा ठोकायचं, म्हणजे या बाहेर. मग बाबा सरकत यायचे, हात वर करायचे, आणि ती टाचा रोवून त्यांना ओढून उभं करायची.

त्या दिवशी ती एकटीच होती. सवयीनं ठोकत गेली. ठण. थांबायचं. परत ठण.

खालून आलं, टक्.

तिनं उतरून वाकून बघितलं. फळी, फडकं, अंधार. उंदीर असेल, म्हटलं. तरी फुली मारली, ग्राइंडर लावला, आणि त्या चकचकीत रंगाखालचा पत्रा वाळक्या पानासारखा भुगा होऊन पडला.

मग काय, रोजच. ती ठोकणार, खालून उत्तर येणार, आणि एकदाही चुकीचं नाही. सडलेलं कापलं, नवा पत्रा वेल्ड केला, लाल प्रायमर मारला, चिखलानं बुजलेली पाणी जायची भोकं तारेनं मोकळी केली, म्हणजे परत पाणी साचायला नको. भीती कधी गेली तिला कळलंच नाही. उलट उत्तरं कमी व्हायला लागली तशी ती एकेक ठोका लांबवायला लागली. गंज संपला की खालचं बोलणंही संपणार ना. म्हणून डावा कोपरा तिनं सोडून दिला. तिथं हातोडी न्यायचीच नाही.

आईच्या ते लक्षात आलं. चहा घेऊन आली, दारातच उभी राहिली.

"कोपरा राहिलाय तुझा."

"बघते उद्या."

"रोजचा उद्या आहे." आई गाडीच्या जवळ काही आली नाही. "मला स्वयंपाकघरात ऐकू येतं गं. तू तीनदा नाही ना ठोकलंस?"

"नाही."

"नकोच ठोकूस. झोपेत गेलेत ते. आपण गेलोय हे त्यांना कुणी सांगितलंय का?"

खारूचा चहा निवून गेला.

दुसऱ्या दिवशी रंगवाला आला. बोलघेवडा माणूस. खारू आत जेवत होती तेवढ्यात त्यानं तो कोपरा बघितला, खरवडला, प्रायमर मारून मोकळा झाला, आणि वर डिकीच्या कडेला नवं रबरही बसवून टाकलं. ती आली तर हा हात पुसत उभा.

"ताई, एवढासा डाग ठेवून दिला होता होय? लग्नात काजळाची तीट लावतात तसा? केला बघा साफ. आता पाण्याचा थेंब जाणार नाही आत."

"कोपरा केलात?"

"केला की. हे रबर मात्र नवं आहे, झाकण जरा अडतंय."

"दादा, थांबा, दाबून बसवा, आपटू—"

पण त्याचा तळवा पडलासुद्धा. झाकण लागेना, परत मारला. परत. धप्, धप्, धप्. खटका बसला.

"बघा, बसलं," रंगवाला म्हणाला, आणि डबे आवरायला बाहेर अंगणात गेला.

गॅरेजमध्ये दुपारचं ऊन पार आतपर्यंत आलेलं. खारू हलली नाही. गाडीखाली फळीचं चाक करकरलं. तेल न घातलेलं, डावीकडचं, नेहमी वाजायचं तेच. मग चारही चाकं वाजायला लागली, सावकाश, फरशीच्या फटीत अडखळत, आणि फळीचं टोक गाडीखालून उन्हात आलं. मग फडकं. फडक्याला मधोमध खळगा होता, आणि तो भरून येत नव्हता.

फळी तिच्या पावलांपाशी थांबली.

दारात आई उभी होती. "खारू, मागे ये," ती हळूच म्हणाली. "नाही घेतलास हात तर परत जातील."

खारूला ते ऐकू आलं, नाही असं नाही. पण बाबा खाली पडून आहेत आणि आपण नुसतं उभं राहायचं, हे तिला कधी जमलंच नव्हतं. तिनं टाचा रोवल्या, वाकली, हात पुढे केला.

आणि हाताला वजन आलं.