शालनताईंच्या हातचा बर्फ

मी एक जुना, एका दाराचा फ्रीज आहे, मित्रांनो. कारखान्यातून निघालो तेव्हा माझा निळा रंग इतका चकचकीत होता की, कोथरूडच्या सोसायटीत मला वर चढवताना शेजारीपाजारी बघायला आले. उन्हाळ्यात मुलं माझ्यापुढे रांग लावत. ‘दार लाव, थंडी बाहेर जातेय!’ हा ओरडा तर रोजचाच. मग घरात दोन दारांचा नवा फ्रीज आला आणि माझी रवानगी पार्किंगमध्ये झाली. माझ्या पोटात लोकांनी जुन्या चपला भरल्या. फार वाईट वाटलं.

पुढे मला कर्वेनगरच्या एका प्रशिक्षण केंद्राला देऊन टाकलं. तिथं फ्रीज आणि एसी दुरुस्ती शिकवत. मुलं मला खोलत, बिघडवत, पुन्हा जोडत. मी काही गार होत नव्हतो, पण माझ्यावर हात बसत होते.

अशात शालनताई आल्या. वय सेहेचाळीस. राहायच्या वारज्यात. नवरा वारलेला, मुलगी पायल कॉलेजात. त्या एका ऑफिसात साफसफाई करायच्या. तिथं एसीवाला आला की झाडू बाजूला ठेवून बघत राहायच्या. एक दिवस भिशीचे पैसे उचलून त्यांनी फी भरली. पण वर्ग दिवसा, त्यामुळे नोकरी सोडावी लागली.

केंद्राचा मदतनिधी होता. त्यातून फी मिळे, महिन्याचा खर्चही मिळे. मात्र अट होती पस्तिशीच्या आतली.

काही आठवड्यांनी शालनताई आमच्या शिक्षिका श्यामला मॅडमना म्हणाल्या, “मॅडम, उद्यापासून नाही येत. पायलचं कॉलेज थांबवून मी कशी शिकू?”

“उद्या निधीची समिती येतेय,” मॅडम म्हणाल्या. “एवढा एक दिवस या. तुम्ही स्वतः बोला.”

समिती कार्यशाळेतच बसली. अध्यक्ष श्रीनिवासराव निवृत्त अधिकारी, बोलायला तिरकस.

“अहो, या वयात शिकून तुम्हाला नोकरी देणार कोण?”

शालनताई माझ्या दाराची मूठ धरून उभ्या होत्या. ती त्यांनी किती घट्ट आवळली होती, ते फक्त मलाच कळलं. आवाज मात्र स्वच्छ होता.

“सर, साठीपर्यंत मला काम करावंच लागणार आहे. तोवर लाद्या पुसायच्या की हातात कसब घेऊन जगायचं, एवढंच ठरवायचंय. ज्यांनी ही अट घातली, त्यांना काय वाटलं, पस्तिशीनंतर माणसाला पोट नसतं?”

श्रीनिवासरावांनी चष्मा पुसला.

“अट मीच घातली होती,” ते म्हणाले. “चुकली. श्यामलाबाई, खोडा ती ओळ. फी परत करा, महिन्याचा खर्चही द्या. यांच्यापासूनच सुरुवात.”

त्या दिवशी शालनताई लगेच घरी गेल्या नाहीत. डोळे पुसून त्यांनी पाना उचलला आणि राहिलेलं काम पुरं केलं.

परीक्षेत त्यांच्या वाट्याला मीच आलो! माझा गॅस कुठून गळतो, हे आजवर कुणालाच सापडलं नव्हतं. त्यांनी माझ्या नळीनळीला साबणाचा फेस लावला आणि वाट पाहिली. मागच्या वाकणापाशी एक बारीकसा बुडबुडा फुगला. “सापडला गं बाई!” त्या ओरडल्याच. सांधा जोडला, आतली हवा ओढून काढली, नवा गॅस भरला. माझ्या छातीत घरघर सुरू झाली. दुपार कलली तेव्हा माझ्या ट्रेमध्ये बर्फ होता. अहाहा! श्रीनिवासरावांनी एक खडा तोंडात टाकला. “गार आहे. मान्य,” एवढंच म्हणाले, आणि सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या.

आज वारज्यात शालनताईंचं स्वतःचं दुकान आहे. पायलचं शिक्षण पुरं झालं. आणि आमच्या कार्यशाळेत आता पन्नाशीचे रिक्षावाले येतात, नातवंडं असलेल्या बायका येतात. निधी त्यांचीही फी भरतो, घरही चालवतो.

म्हणून मित्रांनो, माझं एक मागणं आहे. तुमची आई, काका, मावशी काही नवं शिकायला निघाले, तर ‘आता कशाला?’ म्हणू नका. घरातलं एखादं काम तुम्ही उचला. आणि संध्याकाळी ते दमून परतले, की पाण्याचा पेला पुढे करून विचारा, “आज काय शिकलात?”