बाजूची सीट

रामरावांनी अंगणात पोतं अंथरलं, त्यावर पाठ टेकली आणि पायांनी रेटत रेटत गाडीखाली गेले. यामिनी, त्यांची सून, मोबाईलचा उजेड धरून बाजूला उकिडवी बसली.

“उजेड जरा डावीकडे करू का, बाबा?”

“राहू दे. हाताला कळते.”

हाताला कळत होतं हे खरंच होतं. डोळ्यांना कमी कळत होतं, हेही खरं होतं, आणि ते त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. मार्चमध्ये डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली आहे, ती परत येणार नाही. उरलेली टिकवायची तर रोज थेंब घाला. थेंबांची बाटली रामरावांनी दाढीच्या डब्यात ठेवली. स्कूटर गुडघेदुखीच्या नावाखाली बंद केली. एकतीस वर्षं ते व्हेईकल फॅक्टरीत चाचणी-चालक होते. फौजेसाठी तयार झालेला ट्रक आधी ते चढावर घालत, चिखलात घालत, कमरेइतक्या पाण्यातून काढत, आणि त्यांची सही झाली की मगच तो पुढे जाई. अशा माणसाने, आपल्याला डावीकडचं दिसत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

त्यांची बोटं एका खोलगट जागेवर थांबली. इंजिनाच्या तळाशी पत्रा आत गेला होता.

“इथेच लागला ना दगड?”

“हो, झिरिया नाल्यात. गाडी त्याच्यावरच बसली. चाकं नुसती फिरून राहिली होती.”

घरात ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. यामिनी सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीचं काम करी. महिन्यातून दोनदा कुंडमच्या पलीकडे डोंगरातल्या गावांत जायचं, शाळेतल्या मुलांचं रक्त घ्यायचं आणि बर्फाच्या पेटीतून ते जबलपूरला आणायचं. गाडी फोर बाय फोर होती खरी, पण शोरूममधून आली तशीच. गेल्या खेपेला नाल्यात चार तास गेले, पेटीतल्या बर्फाचं पाणी झालं आणि बेचाळीस नळ्या वाया गेल्या. आठ दिवसांनी ती कुणाची तरी जीप मागून पुन्हा गेली, तेव्हा सहा वर्षांच्या एका मुलीने दंड पुढे केला आणि विचारलं, “दीदी, पिछला वाला खून कहाँ गया?” हे यामिनीने जेवताना सांगितलं होतं, आणि सांगून झाल्यावर अर्धी पोळी ताटात तशीच टाकून ती उठली होती.

रामराव गाडीखालून बाहेर आले. पाठीची माती झटकत म्हणाले, “वाच आता. अनुपमने काय काय लिहून पाठवलं?”

अनुपम, त्यांचा मुलगा, रेल्वेत इटारसीला होता. रविवारी घरी यायचा. इतर दिवशी त्याचे सल्ले फोनवर यायचे.

“गाडी चार इंच उंच करायची,” यामिनी वाचू लागली. “छतावर दिव्यांची पट्टी. खोल पाण्यात इंजिनाला हवा मिळावी म्हणून वरपर्यंत नळकांडं. लोखंडी बंपर...”

“नाल्यात पाणी किती असते?”

“पोटरीइतकं.”

“मग नळकांडं काहून पाहिजे? अन् अंधारात जाते का तू तिकडे?”

“नाही. चारच्या आत परत निघते.”

“दिवे काट. चार इंचाचे दोन कर. जास्त उंच केली की वळणावर डोलते गाडी, मग पोटात गोळा येते चालवणाऱ्याच्या. टायर मात्र चांगले घे, दगडाची धार सोसणारे. पोटाखाली जाड प्लेट. ओढायचे हूक पुढे-मागे, पण चेसिसमध्ये कसलेले, बंपरमध्ये नाही. हवा भरायचा लहान पंप. बस.”

“बस? एवढंच?”

“बाकीचं चालवणाऱ्यात बसवावं लागते, बेटा. ते दुकानात भेटत नाही.”

यामिनी हसली आणि पाठकोऱ्या कागदावर त्यांनी सांगितलं तसं, त्याच क्रमाने लिहू लागली. रामराव तिच्या पेनाकडे पाहत राहिले. निवृत्तीला आठ वर्षं झाली होती. एवढ्या काळात त्यांचं बोलणं कोणी लिहून घेतलं नव्हतं.

जबलपुरातल्या अधारतालच्या मुख्य रस्त्यावर आलोकचं वर्कशॉप होतं. चाळिशीचा, कमी बोलणारा, कामाला नेटका माणूस. गाडी तीन दिवस त्याच्याकडे होती आणि तिन्ही दिवस रामराव तिथे स्टुलावर बसून होते. आलोक चहा मागवायचा, ते कपात बिस्कीट बुडवायचे आणि पान्याच्या आवाजावरून बोल्ट पुरता आवळला की नाही हे सांगायचे. आलोक आधी हसला; दुसऱ्या दिवसापासून बोल्ट आवळला की त्यांच्याकडे बघू लागला.

तिसऱ्या दिवशी दुपारी नव्या स्प्रिंगा बसल्या. गाडी जॅकवर होती, चाकं मोकळी लटकत होती. ऑफिसातून यामिनीही येऊन पोचली.

“हो गया, अंकल जी. देख लीजिए,” आलोक म्हणाला.

रामरावांनी पाहिलं नाही. मागच्या चाकाच्या आत हात घातला आणि सावकाश फिरवत नेला. एका जागी हात थांबला. ब्रेकची रबरी नळी ताणून बसवलेल्या तारेसारखी झाली होती.

“हात लगाओ इधर,” ते आलोकला म्हणाले. “गाड़ी दो इंच ऊपर गई, नली उतनी ही रही. सड़क पर कुछ नहीं होगा. नाले में जिस दिन एक चक्का हवा में लटकेगा, उस दिन टूटेगी. और ब्रेक उसी दिन चाहिए होगा.”

आलोकने वाकून बोट लावलं. मग दुसऱ्या चाकाकडे जाऊन तिथे लावलं.

“मेरी नज़र में नहीं आया, अंकल जी.”

“नज़र में आने की चीज़ ही नहीं है,” रामराव म्हणाले.

ताणलेल्या सगळ्या नळ्या काढून लांब नळ्या बसवायला आणखी एक दिवस गेला. आलोकने गाडी घरी आणून सोडली, तेव्हा ऑफिसातून आलेली यामिनी बॅग न ठेवताच चाकाशी वाकली, नव्या नळीला हात लावून पाहिलं आणि तशीच क्षणभर थांबली.

“शनिवारी नाल्यापलीकडे पिपरटोल्याला जायचं आहे,” ती म्हणाली. “पहिली ट्रायल तुम्ही घ्या, बाबा. नाला तुम्ही पार करून दाखवा. तुम्ही पास केल्याशिवाय मी ह्या गाडीत रक्ताच्या नळ्या नाही ठेवणार.”

रामरावांनी “पाहू” एवढंच म्हटलं. पण आतून त्यांना किती बरं वाटलं! आणि त्याच वेळी डावा डोळाही आठवला. पुढचे दोन दिवस ते मनातल्या मनात तो नाला पार करत राहिले. मान सारखी वळवत ठेवली तर जमेल. हळू घेतली तर नक्की जमेल. एकतीस वर्षांचा हात आहे, तो काय एका डोळ्यावर चालत होता? शुक्रवारपर्यंत त्यांची खात्री झाली होती.

शनिवारी डांबरी रस्त्यावर यामिनीनेच गाडी चालवली. कुंडम मागे पडलं, मग डांबर संपलं, आणि सालाच्या झाडांतून लाल मातीची वाट सुरू झाली. नव्या टायरांचा घरघराट रामराव लक्ष देऊन ऐकत होते. कुठेही खडखड नव्हती.

झिरिया नाल्यापाशी तिने गाडी थांबवली. खाली उतरून चारी टायरांची हवा बावीसपर्यंत कमी केली. दगडावर टायर मऊ असला की पकड धरतो, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. मग ती त्यांच्या बाजूला आली आणि दार उघडलं.

“या, बाबा.”

रामराव उतरले. बॉनेटवर हात ठेवून पुढून फिरून गेले आणि स्टेअरिंगसमोर बसले. सीट मागे घेतली. इंजिनाची थरथर तळव्यांत आली आणि किती तरी महिन्यांनी त्यांना आपले हात आपले वाटले. यामिनी बाजूच्या सीटवर बसली.

त्यांनी समोर पाहिलं. उजवा काठ दिसत होता, दगड दिसत होते, त्यांच्यामधलं पाणी दिसत होतं. डावीकडे पाण्याच्या धारेने माती कापून माणूसभर खोल कडा झाला होता. तो त्यांनी येताना मान वळवून पाहिला होता. आता समोर बघताना तो कडा नव्हता. तिथे अंधारही नव्हता. आपल्या पाठीमागे जसं काही नसतं, तसं तिथे काहीच नव्हतं. त्यांनी मान वळवली. कडा आला. मान सरळ केली, कडा गेला.

त्यांनी पहिला गिअर टाकला. आरशात मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेली बर्फाची पेटी दिसत होती. तिच्यात रिकाम्या नळ्या होत्या, अजून कोणाचंही नाव न लिहिलेल्या. आणि बाजूला यामिनी होती, कड्याच्या बाजूला.

रामरावांनी गिअर काढला आणि इंजिन बंद केलं.

“यामिनी, ही गाडी मी नाही चालवू शकत. मला डावीकडचं दिसत नाही. मार्चपासून.”

नाल्याच्या पाण्याचा आवाज येत राहिला. यामिनीने हँडब्रेकवरचा हात काढला. तो हात ते बसल्यापासून तिथेच होता, हे रामरावांच्या आत्ता ध्यानात आलं.

“माहीत आहे, बाबा.”

“कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. एप्रिलमध्ये पाण्याचा ग्लास दोनदा सांडला तुमच्या हाताने. दोन्ही वेळा मी डावीकडे ठेवला होता. मग मी उजवीकडे ठेवू लागले.”

रामराव स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. ग्लास उजवीकडे. चटणीची वाटी उजवीकडे. पेपर, चष्मा, चपला, सगळं सहा-सात महिने उजव्या हाताला येत होतं. कशाला ठेच लागत नव्हती, काही सांडत नव्हतं, आणि त्यांना वाटत होतं की थेंब लागू पडले.

“मग मला इथे काहून बसवलं?”

“तुम्ही स्वतः सांगाल म्हणून. घरी बसून नसतं सांगितलं तुम्ही.” ती त्यांच्याकडे वळली. “अन् नसतंच सांगितलं, तर ब्रेक ओढला असता मी. तुम्हाला राग आला असता, पण ओढला असता.”

“ओढायलाच पाहिजे होता,” रामराव म्हणाले. ते उतरले, पुन्हा बॉनेटवर हात ठेवून फिरून आले आणि बाजूच्या सीटवर बसले. पट्टा लावला. “चलो. लो गिअर घे. मी सांगतो.”

त्यांनी डोळे मिटले, आणि गाडी पाण्यात उतरली.

“ब्रेकवरून पाय काढ. ॲक्सिलेटरही नको. तिला तिच्या चालीनं चालू दे... हां. आता मागचं डावं चाक सुटून राहिलं, ऐकू येते? थांबू नको. स्टेअरिंग थोडं इकडे-तिकडे हलव. हलव... धरलं बघ.”

पोटाखालून लांबलचक खरखर आली.

“घासू दे. प्लेट त्याच्यासाठीच लावली.”

खरखर थांबली, गाडीचं नाक वर उठलं, आणि रामरावांनी डोळे उघडले तेव्हा समोर कोरडी माती होती.

पिपरटोल्याच्या शाळेत अडतीस मुलं होती. यामिनी रक्त घेत होती आणि नळीवर नाव लिहून पुढे करत होती. रामराव पेटीशी बसले. नळी उभी ठेवायची, बर्फ सरकवायचा, झाकण लावायचं. एक जण रडला, त्याला त्यांनी पेटीतला बर्फाचा खडा हातात धरायला दिला. दोनच्या सुमाराला काम संपलं.

परतताना नाला आला तेव्हा सांगण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं, पण यामिनीने आधीच लो गिअर घेतला होता. ते ऐकत राहिले. एकदा टायर सुटला. तिने थांबवलं नाही, स्टेअरिंग हलवलं, टायरने धरलं. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. मग रामरावांनी मान पूर्ण वळवून खिडकीबाहेर पाहिलं. उतारावर जगनी, म्हणजे आपला कारळा, फुलली होती, पिवळीधमक, पार सालाच्या झाडांपर्यंत. चालवताना माणूस बाजूला बघत नाही. त्यांनी तर जन्मात बघितलं नव्हतं.

“ते ग्लासाचं,” पलीकडे पोचल्यावर ते म्हणाले, “बरं केलं तू.”

“त्यात काय, बाबा.”

“नाही. लई बरं केलं.”

पुढची थोडी वाट यामिनीने उगाचच फार जपून घेतली.

डांबरी रस्ता लागला तसं तिने गाडी कडेला घेतली, पंप काढला आणि टायरांत हवा भरू लागली. पंपाचा खटखट आवाज सुरू झाला. रामराव उतरून एका दगडावर बसले. खिशातला फोन काढला. रेंज आली होती. तो डोळ्यांजवळ धरून त्यांनी नंबर लावला.

“अनुपम? ड्यूटीवर आहे का? ... हो, झाली ट्रायल. पास आहे. गाडी एकदम चांगली आहे. ... नाही रे, गाडीचं सांगायला नाही लावला फोन.”

पलीकडून अनुपमने काहीतरी विचारलं. रामरावांनी घसा साफ केला.

शेवटचा टायर अर्धाच भरला होता. यामिनीने पंप बंद केला.