कंसात चाप

छप्पन साली राज्यांचा नकाशा बदलला तेव्हा सौंसरचे केशवराव मास्तर खुर्चीत बसून होते. उठले तेव्हा त्यांची राजधानी नागपूरहून भोपाळला गेलेली होती. कोणी विचारलं नाही, त्यांनीही मनावर घेतलं नाही. पण वर्षभरात गणिताच्या शब्दांवर गदा आली. भोपाळहून हुकूम आला : शब्द हिंदीतच पाहिजेत, नाहीतर मॅट्रिकची मराठी तुकडी बंद. तपासायला इन्स्पेक्टर साहेब येणार होते.

"एका शब्दाचा तर सवाल आहे, मास्तर," हेडमास्तर रघुनाथराव म्हणाले. "वर्तुळाच्या काठाला कंस नका म्हणू, चाप म्हणा. तुमचं काय जाते?"

"आपल्याकडे चाप बंदुकीला असते, सर. वर्तुळाले कायले लावता?"

तुकडी बंद झाली तर मागच्या बाकावरच्या उषासारख्या मुली घरी बसणार, हे दोघांनाही माहीत होतं. तिच्या बापानं तसं सांगूनच ठेवलं होतं.

साहेब आले, खुर्चीत मावले. केशवरावांनी फळ्यावर वर्तुळ काढलं आणि एक सुतळी हातात धरली.

"ही त्रिज्येएवढी. काठावर वाकवून बसवली की मधात जो कोन होते, तो एक रेडियन. तीनशे साठ अंश कोण्या जमान्यात कोणीतरी ठरवून दिले. रेडियन मात्र वर्तुळ आपल्या घरच्याच दोरीनं मोजते. त्याले बाहेरचा हुकूम लागत नाही."

रघुनाथरावांना खोकला आला.

"उषा, त्रिज्या सात, कोन दोन रेडियन. कंसाची लांबी?"

"त्रिज्या गुणिले कोन. चौदा."

"अन् पाकळीचं क्षेत्रफळ?"

"कंस गुणिले त्रिज्या, त्याचं अर्धं. एकोणपन्नास."

साहेबांनी मान वर केली. "मास्टरजी, यह कंस कौन है?"

"वर्तुळाच्या काठाचा तुकडा, साहेब."

"कंस कृष्ण का मामा था. गणित में उसका क्या काम?"

वर्ग हसला. साहेब हसले नाहीत. "मिटाइए. चाप लिखिए. नहीं तो यह तुकड़ी अभी बंद लिखता हूँ."

केशवरावांनी आधी उषाकडे पाहिलं, मग फळ्याकडे. फळ्यावर होतं : कंस = त्रिज्या × कोन. त्यांनी 'कंस' पुसला, अगदी स्वच्छ. तिथे 'चाप' लिहिला. मग खडूनं त्याच्या अलीकडे एक छोटी वाकडी रेघ ओढली, पलीकडे दुसरी.

(चाप) = त्रिज्या × कोन.

साहेबांना चाप दिसला. "अब ठीक. लड़की, पढ़ो."

उषा उभी राहिली, फळा पाहिला, आणि ओठ दाबून हसू गिळलं.

"कंसात चाप बरोबर त्रिज्या गुणिले कोन."

"फिर कंस?"

"कोष्ठक, साहब," रघुनाथराव घाईघाईनं म्हणाले. "मराठीत कोष्ठकालाही कंसच म्हणतात. चाप त्याच्या आत आहे."

साहेबांनी हुकमाचा कागद काढून पाहिला. हुकमात चाप लिहा म्हटलं होतं. तो लिहिलेला होता. कोष्ठकाबद्दल भोपाळहून एक अक्षर आलेलं नव्हतं.

"यह कंस मरता क्यों नहीं?" शेरा लिहिता लिहिता ते पुटपुटले. तुकडी चालू राहिली.

"मथुरेचा मेला, साहेब," केशवराव हात झटकत म्हणाले. "आमचा इथंच राहून राहिला."

जीप गेल्यावर उषानं विचारलं, "सर, वहीत कसं लिहू?"

"फळ्यावर आहे तसंच लिही, बाई. अन् कंसातलं मनात वाचायचं असते."