झाडांखालची चौदा घरं

मित्रांनो, मी एक जुना माऊस आहे. संगणकाला शेपटीने बांधलेला, पाठीचा रंग उडालेला. कारखान्यातून निघालो तो थेट एका शाळेत आलो. मला हातात घ्यायला मुले भांडत. पुढे माझे डावे बटण अडकू लागले. "हा कामातून गेला," म्हणत गुरुजींनी मला कपाटात टाकले. दुरुस्त कुणी केले नाही.

मग पूर आला. नदीकाठच्या वस्त्यांचा नकाशाच कुणाकडे नव्हता. बचावाच्या नावा जाणार कुठे? एका ताईने आमची संगणकाची खोली उघडली. येईल त्याला ती उपग्रहाच्या फोटोवरून घरे नि वाटा रेखायला शिकवू लागली. माऊस कमी पडले, म्हणून मी बाहेर आलो. माझ्या वाट्याला निवृत्त पोस्टमनकाका आले.

"छताचे कोपरे धरा, काका. एकेका कोपऱ्यावर क्लिक."

"छत कुठाय इथं? नुसती झाडं! पण खाली चौदा घरं आहेत. तीस वर्षं टपाल टाकलंय मी. शेवटचं माझ्या धाकट्या बहिणीचं."

ताई घुटमळली. "दिसत नाही ते काढू नका, असं मी सगळ्यांना सांगते. पण तुम्ही तिथं पायी फिरलायत. काढा, तशी टीप लिहा. आधी बहिणीचं घ्या."

"नाही गं जमणार. घरं मला वाटेच्या क्रमानंच आठवतात. मधूनच धरलं तर भलतीकडे पडतील."

काका वाटेच्या क्रमाने घरे काढू लागले. एकेक घर झाले की ताई ते लगेच नकाशात चढवी. बचावाच्या नावेवर फोनवरचे बोलणे पोचत नव्हते, नकाशा तेवढा पोचत होता. तेरा घरे झाली. चौदाव्याला माझे बटण रुतले.

"चल रे बाबा, चल ना!" काका मला टेबलावर आपटू लागले. मी जीव एकवटला, पण बटण वर येईना. ताईने दुसरा माऊस जोडेपर्यंत, पुढे घर नाही असे समजून नाव माघारी फिरली होती.

नाव पुन्हा गेली तेव्हा छप्पर होते. छपरावर कुणी नव्हते.

तेरा घरांतली माणसे वाचली. लोक काकांचे हात धरून रडत. काका हात सोडवून घरी निघून गेले.

तिसऱ्या दिवशी ते परत आले. "ताई, खालच्या वस्तीचा फोटो लाव. तिथं अजून पाणी नाही."

मित्रांनो, मला हात जोडता येत नाहीत. पण आजच आपल्या गल्लीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाशेजारी बसा. कोण कुठे राहते ते विचारा, आणि उठण्याआधी नकाशात काढा.