पंचवीस कोसांपलीकडचा मळा

आमच्या घरात बेत आखायचं काम यांचं आणि तो मोडला की गप्प बसायचं काम माझं. सतरा वर्षं हे असंच चाललं होतं. जालन्यात आमचं कापडाचं दुकान. चांदमलजींसारखा शिस्तीचा माणूस मिळायचा नाही, असं यांच्याबद्दल सारा बाजार म्हणायचा. बाजाराचं काय जातंय म्हणायला, त्याला यांच्यासोबत गाडी पकडायची नव्हती.

लग्न होऊन आल्यापासून मी गावाबाहेर पडले ती लग्नाला, मयताला, नाहीतर साधूसंतांच्या दर्शनाला. तिन्हीकडे डोक्यावर पदर आणि स्वयंपाकघर. मला एकदा, फक्त एकदा, काही कारण नसताना कुठंतरी जायचं होतं. उगीच, बघायला.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात नाशिकच्या एका व्यापाऱ्यानं यांना द्राक्षांची पेटी पाठवली. कापसाच्या लादीत गुंडाळलेले घोस बघून मी सहज विचारलं की वेलीवर ही कशी दिसत असतील. हे म्हणाले, पुढच्या फाल्गुनात जाऊन बघू की. आणि त्याच दिवशी कागद घेऊन बसले.

बेत मोठा झकास होता, हे मी कबूल करते. उतरायचं नाशिकच्या धर्मशाळेत, तेही तळमजल्यावर आणि विहिरीजवळ, म्हणजे पाणी गाळून घ्यायला सोपं. सकाळी ऊन चढायच्या आत दोन मळे, दुपारी आराम, उतरत्या उन्हात तिसरा. जेवण एका मारवाडी बाशात, म्हणजे खानावळीत, पण दिवस मावळायच्या आत, कारण आम्ही जैन, रात्रीचं खात नाही. बाशाच्या मालकाला हे तीन पत्रं लिहून चुकले होते. माझे दीर गिरधारीलाल हिंदी वर्तमानपत्र वाचतात. ते म्हणाले की विलायतेत लोक असेच मळ्यामळ्यानं फिरतात, तिथंच मुक्काम करतात, फक्त द्राक्षं न खाता त्यांची दारू चाखत जातात. हे पानावरून उठून गेले. मी दोन दिवस पदराआड हसत होते.

मग पर्युषण आलं. त्या दिवसांत आमच्याकडे स्थानकात, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या जागी, महासतीजींसमोर, साध्वींसमोर, व्रतं घेतात. त्यात एक व्रत दिशांच्या मर्यादेचं. आपण घरापासून इतक्या कोसांपलीकडे जाणार नाही, असं सगळ्यांदेखत बोलायचं. जितकी हद्द लहान, तितका त्याग मोठा. कुणी पाचशे कोस म्हणालं, कुणी दोनशे. यांची पाळी आली तेव्हा सगळं स्थानक यांच्याकडे बघत होतं. यांना ते फार आवडतं. हे हात जोडून खणखणीत आवाजात म्हणाले, "वर्षभर, पंचवीस कोस."

वाहवा झाली. बायकांच्या बाजूला सगळ्या जणी माझं अभिनंदन करायला लागल्या. नाशिक पाऊणशे कोसांवर आहे, हे त्या गर्दीत एकट्या मला आठवत होतं. मला रडू आलं आणि सगळ्यांना वाटलं, भक्तीनं आलं.

यांच्या ध्यानात आलं ते संध्याकाळी, ताटावर. घास हातातच राहिला. मग म्हणाले, व्रत वर्षाचंच तर आहे, पुढच्या वर्षी जाऊ.

"पुढचं वर्ष मी सतरा वेळा ऐकलं," मी म्हणाले. "तुम्हाला हद्द घालून घ्यायची काय गरज होती? माझी तर न सांगताच घातलेली आहे."

एवढं मी कधी बोलले नव्हते. सासूबाई असत्या तर बोललेही नसते. हे हात धुवून उठले. मला राग होता आणि तो मी महिनाभर उतरू दिला नाही. चहात साखर कमी, पोळीला तूप कमी, सगळं बराबर मोजून.

दिवाळी झाली नि एक दिवस यांनी नवा कागद माझ्यापुढे धरला. दौलताबाद. तिथं भुजंग नावाच्या माळ्याची द्राक्षबाग होती. स्टेशन चोवीस कोसांवर, तिथून बाग दोन मैल, म्हणजे एकच कोस, असं त्यानं पत्रात कळवलं होतं. हिशेब नेमका पंचवीसवर येत होता. मुक्काम औरंगाबादला, जैन धर्मशाळेत, विहिरीजवळ. मी त्या दिवशी पोळीला तूप वाढवलं.

फाल्गुनात आम्ही निघालो. धर्मशाळेत खोली मिळाली ती वरच्या मजल्यावर आणि विहीर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. हे धुसफुसत राहिले. मला जिना चढतानाही मजा वाटत होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दौलताबाद, तिथून टांगा. किल्ला उजवीकडे राहिला, वारं गार होतं, आणि हे मला किल्ल्याची माहिती सांगत होते, न थांबता. दुसरा मैलाचा दगड आला. बाग कुठंच दिसेना.

टांगेवाला म्हणाला, "भुजंगचा मळा? अजून मैलभर हाय की. त्या नाल्याच्या पल्याड."

हे ताडकन खाली उतरले, जणू टांग्याला आग लागलीय. भुजंगला चार शब्द ऐकवावेत असं यांच्या तोंडावर दिसत होतं, पण तो समोर नव्हता. मी टांग्यात तशीच बसून राहिले. आता मैलभरासाठी परत फिरायचं होतं. उतरायला मी पाय खाली टाकला.

"तू कशाला उतरून राह्यली?" हे म्हणाले. "व्रत माझं हाय. तू जा."

"एकटी?"

"मंग काय झालं? मी बसतो इथं."

नवऱ्याला रस्त्यात बसवून मी कधी पुढे गेले नव्हते. टांगा हलला तेव्हा मागे वळून बघितलं, हे दगडावर धोतर सावरून बसत होते.

मळ्यावर भुजंगची बायको तुळजाबाई भेटली. तिनं मला मांडवाखाली नेलं. आत वाकून चालावं लागत होतं. वरून पानांतून उजेड झिरपत होता, आणि डोक्याला लागतील असे घोस, नुसते लोंबत होते. कापूस नाही, पेटी नाही. तिनं एक घोस तोडून दिला. द्राक्षं उन्हानं कोमट होती. मी खाल्ली, पदर खांद्यावर पडला तो पडूच दिला, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीनदा चालत गेले. तुळजाबाई म्हणाली, "बाई, असं फिरताय जसं काही हरवलंय." मी म्हणाले, काही हरवलं नाही, मला खूप बरं वाटतंय.

परत आले तर हे तिथंच, दगडावर. मी घोस पुढे केला. यांनी मान हलवली. हद्दीबाहेरून आणवलेली वस्तूही चालत नव्हती म्हणे. मग यांनी मला शेजारी बसवलं आणि कसं होतं ते विचारलं. मांडव किती उंच, पानं कशी, वाकावं लागतं का. मी सांगत होते आणि हे मध्ये एकदाही बोलले नाहीत.

शेवटी विचारलं, "माझी याद आली?"

खोटं बोलता आलं असतं. "न्हाई," मी म्हणाले. "बिलकुल न्हाई."

यांनी धोतरावरची धूळ झटकली.

"बराबर झालं," म्हणाले. "मी संग असतो तर तुला पाहू दिलं असतं का? मीच बोलत राह्यलो असतो."

मग यांनी मला हात देऊन टांग्यात चढवलं.